बांधापाशी थांबलेला कायदा

स्त्रियांच्या समान हक्कांची जाहीर चर्चा महाराष्ट्रात जोमाने सुरू झाली, त्याला आता अर्धशतक उलटले. केंद्र सरकारने नेमलेल्या समितीचा स्त्रियांच्या स्थितीविषयीचा अहवाल १९७४ च्या डिसेंबरात सादर झाला, पुढचे १९७५ हे साल आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून पाळले गेले आणि हुंडा, तलाक, पोटगी, वारसा हे शब्द वृत्तपत्रांच्या स्तंभांत नित्याचे झाले. या चर्चेत सुशिक्षित हिंदू स्त्री होती, तलाकपीडित मुसलमान स्त्री होती. आदिवासी स्त्री मात्र क्वचितच आली. आली तेव्हाही एक तर दारिद्र्याचे उदाहरण म्हणून, नाही तर ‘ती मुळातच स्वतंत्र आहे’ अशा कौतुकापोटी. ही दोन्ही चित्रे अपुरी आहेत. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा हे दोन तालुके डोळ्यांपुढे ठेवले, तर ती का अपुरी आहेत हे कळते. एवढेच नव्हे, तर स्त्रीपुरुष समानतेचा प्रश्न विकसनशील समाजांत शेवटी कोठे येऊन अडतो, तेही कळते.

हे दोन्ही तालुके १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते. जव्हार हे त्याआधी मुकणे घराण्याचे संस्थान होते. ते १९४८ मध्ये विलीन झाले. येथील दर दहा माणसांपैकी नऊ आदिवासी आहेत: वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. पाऊस मुबलक, पण जमीन बहुतांशी उताराची व वरकस. भात, नागली आणि वरई यांचे एक पीक घरात आले, की पुढचे महिने काढण्यासाठी अनेक कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर जातात. मुंबईची तहान भागवणारे मध्य वैतरणा धरण मोखाडा व शहापूर तालुक्यांच्या सीमेवर उभे आहे आणि उन्हाळ्यात मोखाड्यातील पाड्यांवरच्या बायका डोक्यावर हंडे घेऊन दरीत उतरतात. १९९२ मध्ये वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी उर्वरित महाराष्ट्राला या भागाची ओळख झाली. तेव्हापासून कुपोषण हा शब्द आणि जव्हार-मोखाडा ही नावे जोडीनेच उच्चारली जातात. त्यानंतर योजना आल्या, अंगणवाड्या आल्या, पोषण आहार आला. या सर्वांनी येथील स्त्रीकडे माता म्हणून पाहिले. शेतकरी म्हणून मात्र पाहिले नाही.

वस्तुतः ती आधी शेतकरी आहे. राबासाठी पालापाचोळा व गोवऱ्या वाहण्यापासून लावणी, निंदणी, कापणी, झोडणीपर्यंतचे बहुतेक काम तिच्या हातचे असते. बियाणे निवडून जपून ठेवण्याचे ज्ञानही तिच्याकडेच असते. समाजातील तिचे स्थानही हीन म्हणता येणार नाही. वारल्यांत मुलीच्या बापाने हुंडा द्यायचा नसून मुलाकडच्यांनी देज द्यायचे असते. लग्न लावणारी धवलेरी ही स्त्रीच असते. लग्नाचा चौक सवासिनी लिहितात. विधवेला किंवा नवऱ्यापासून वेगळी झालेल्या बाईला पुन्हा संसार मांडता येतो आणि त्याबद्दल तिला कोणी नाक मुरडत नाही. लोकसंख्येतही स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या जवळजवळ बरोबरीचे आहे. पांढरपेशा समाजाने अनेक सुधारकांच्या आयुष्यभराच्या श्रमानंतर जे थोडेफार मिळवले, ते येथे रूढीनेच दिलेले होते.

तथापि या उदार रूढीने एक गोष्ट स्त्रीला दिली नाही, ती म्हणजे जमीन. जमीन बापाकडून मुलाकडे जाते. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या पाड्यावर जाते आणि तिच्याबरोबर तिचा हक्कही संपला, असे मानले जाते. विधवेला नवऱ्याच्या शेतात राबता येते. पण तिचे नाव कागदावर येईलच, असे नाही. जी स्त्री लग्नाच्या मांडवात पुरोहित असू शकते, ती तलाठ्याच्या दप्तरात मात्र कोणाची तरी बायको किंवा कोणाची तरी आई एवढीच राहते.

हा दोष केवळ रूढीचा असता, तर रूढी बदलण्याची वाट पाहता आली असती. परंतु गेल्या पाऊणशे वर्षांत शासनाने स्वतः या भागात तीनदा जमिनीचे हक्क वाटले आहेत, आणि त्याचा इतिहास बोलका आहे. शेजारच्या डहाणू व उंबरगाव या तालुक्यांत १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगार आणि लग्नगड्याची पद्धत मोडून काढली. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवऱ्याबरोबर त्याची बायकोही सावकाराच्या घरी बांधली जात असे. त्या दास्यातून दोघेही एकत्रच सुटली. पुढे १९४८ चा कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरून कुळे मालक झाली. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा थोर होती. परंतु त्यातला ‘त्याची’ हा शब्द महसूल खात्याने अक्षरशः घेतला. कसणारी दोघे होती, कूळ म्हणून लागलेले नाव मात्र बहुतेक ठिकाणी एकट्या पुरुषाचे होते. १९७४ मध्ये आदिवासींच्या बळकावलेल्या जमिनी परत देणारा कायदा झाला. त्यातही जमीन परत मिळाली ती ज्याच्या नावावरून गेली होती त्याला किंवा त्याच्या वारसाला. दास्यात दोघांचा वाटा समान होता. मालकीत तो समान राहिला नाही.

तिसरी वेळ वनहक्क कायद्याची. ठाणे जिल्ह्यातील आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या जे वनप्लॉट कसत होते, त्यांचा लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि न्यायालयाने १९९५ मध्ये त्या दाव्यांच्या तपासणीचा मार्ग घालून दिला. २००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा केला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली चार हेक्टरपर्यंतची वनजमीन आदिवासी कुटुंबाला त्याने दिली. या कायद्याच्या चौथ्या कलमात एक छोटेसे वाक्य आहे, त्याचे महत्त्व अद्याप पुरेसे ओळखले गेलेले नाही. हक्कधारक विवाहित असेल, तर हक्काची नोंद पतिपत्नी दोघांच्या नावे झाली पाहिजे आणि कुटुंबप्रमुख एकटी व्यक्ती असेल, तर तिच्या एकटीच्या नावे झाली पाहिजे, असे ते वाक्य सांगते. भूमिसुधारणेचे पहिले दोन टप्पे ज्याविषयी मूक होते, ते येथे प्रथमच कायद्याने बंधनकारक केले. शिवाय ही जमीन भावाच्या वाट्यातून काढून बहिणीला द्यायची नाही. ती शासनाकडून येते. म्हणजे घरात तंटा न होता स्त्री जमिनीची धनीण व्हावी, अशी ही दुर्मिळ संधी आहे.

नाव कागदावर असण्याने काय फरक पडतो, असा प्रश्न कारकुनी कामाचा अनुभव असलेला वाचक तरी विचारणार नाही. पीककर्ज, पीकविमा, नुकसानभरपाई, आंबा-काजूच्या वाडीसाठी मिळणारे साहाय्य या सर्वांची पहिली अट जमिनीचा उतारा ही असते. पालघर जिल्ह्यात बुलेट ट्रेनसाठी आणि महामार्गासाठी भूसंपादन झाले. अशा वेळी मोबदल्याचा धनादेश निघतो तो उताऱ्यावरील नावाने. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील वहितीधारकांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. बाकीच्या कोट्यवधी शेतकरी स्त्रियांची नोंद शेतकरी म्हणून होतच नाही. प्रश्न केवळ उत्पन्नाचाही नाही. केरळातील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रदीप पांडा व बीना अग्रवाल यांनी केलेल्या पाहणीत, ज्यांच्या नावे घर वा जमीन यांपैकी काहीच नव्हते अशा विवाहित स्त्रियांपैकी ४९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याची मारहाण सोसली होती. ज्यांच्या नावे दोन्ही होते, त्यांच्यात हे प्रमाण ७ टक्के होते. नोकरी वा शिक्षण यांपेक्षाही स्वतःच्या नावाचे छप्पर स्त्रीला अधिक निर्भय करते, असा याचा अर्थ. वीटभट्टीवरून आजारी मूल घेऊन परतणाऱ्या बाईला स्वतःचे म्हणावे असे रान असणे आणि नसणे यांतील अंतर मग समजू शकते.

कुटुंबाला एकक मानले, की स्त्री दिसेनाशी होते, याचे आणखी एक उदाहरण रोजगार हमीचे. महाराष्ट्राचा १९७७ चा रोजगार हमी कायदा काम मागण्याचा हक्क प्रत्येक प्रौढ व्यक्तीस देत होता. म्हणूनच त्या कामांवर स्त्रिया मोठ्या संख्येने आल्या. केंद्राने २००५ मध्ये केलेला कायदा याच कल्पनेवर आधारलेला असला, तरी त्याने १०० दिवस दिले ते कुटुंबाला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याची जागा घेणारा जो कायदा संमत केला, त्यातही १२५ दिवसांचा हिशेब कुटुंबावारीच आहे. याउलट २०२४ मध्ये राज्य सरकारने स्त्रियांच्या बँक खात्यात दरमहा रक्कम जमा करण्यास प्रारंभ केला, तेव्हा एका फटक्यात लक्षावधी स्त्रियांची स्वतंत्र खाती कार्यरत झाली. सरकारने मनावर घेतले, तर स्त्रीचे नाव सापडते, हाच त्याचा धडा. परंतु अनुदान हे सरकारच्या मर्जीवर चालते. जमिनीचा हक्क मर्जीवर चालत नाही.

आता मूळ अडचणीकडे वळले पाहिजे. वनजमिनीखेरीज जी वडिलार्जित जमीन आहे, तिच्यात आदिवासी मुलीला काय मिळते? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या दुसऱ्या कलमाने अनुसूचित जमातींना त्या कायद्यातून वगळले. त्यामुळे महाराष्ट्राची १९९४ ची दुरुस्ती आणि केंद्राची २००५ ची दुरुस्ती यांनी हिंदू मुलीला मुलाच्या बरोबरीने वडिलार्जित मालमत्तेत जो वाटा दिला, तो जव्हारच्या वारली मुलीपर्यंत पोहोचला नाही. हे केवळ आदिवासींबाबत घडले, असेही नाही. १९३७ च्या शरियत कायद्याने मुसलमानांना रूढीऐवजी धर्मशास्त्र लागू केले, पण शेतजमीन तेवढी त्यातून वगळली. कुराणाने मुलीला मुलाच्या निम्मा का होईना पण निश्चित वाटा दिलेला. तोही शेतात पोहोचू नये, अशी ती तजवीज होती. हिंदू वारसा कायद्यानेही शेतजमिनीसंबंधीच्या काही राज्यांतील कायद्यांना २००५ पर्यंत हात लावला नव्हता. धर्म वेगळे, रूढी वेगळ्या. पण स्त्रीच्या बाजूने निघालेला कायदा शेताच्या बांधापाशी येऊन थांबतो, हा अनुभव सर्वत्र सारखा आहे.

मुस्लिम देशांकडे पाहिले, तरी हेच आढळते. ट्युनिशियाने १९५६ मध्ये बहुपत्नीत्वावर बंदी घातली आणि तलाक न्यायालयाच्या कक्षेत आणला. त्या काळी हे पाऊल क्रांतिकारक होते. परंतु वारसाहक्काला हबीब बुर्गिबा यांच्यासारख्या धाडसी नेत्यानेही हात घातला नाही. २०१८ मध्ये समान वारशाचे विधेयक तेथील मंत्रिमंडळाने मान्य केले, पण त्याचा कायदा होऊ शकला नाही. भारतात १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या विधानभवनावर नेला, १९८५ मध्ये शाहबानो खटल्याचा निकाल लागला, २०१७ मध्ये एका दमात दिलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला. एवढ्या दीर्घ वाटचालीत विवाह व पोटगी यांवर वाद झडले. जमिनीचा विषय मागेच राहिला.

या विरोधामागे केवळ पुरुषी स्वार्थ आहे असे म्हणणे सोपे आहे, पण ते पूर्ण सत्य नाही. आदिवासी समाजाची भीती वेगळी आहे आणि तिला इतिहासाचा आधार आहे. सावकार, ठेकेदार आणि व्यापारी यांनी या समाजाची जमीन एकेकाळी अंगठ्याच्या ठशावर गिळली. मुलीला वाटा दिला आणि तिने जमातीबाहेर लग्न केले, तर जमीन परक्याकडे जाईल, ही शंका पाड्यावरचा म्हातारा बोलून दाखवतो, तेव्हा ती थट्टेवारी नेण्यासारखी नसते. परंतु या शंकेचे निरसन मुलीला बेदखल करण्यात नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या ३६ व ३६-अ या कलमांनी आदिवासींच्या जमिनीचे बिगरआदिवासींकडे हस्तांतर रोखून धरले आहे. वनहक्काची जमीन तर वारशाने मिळते, पण विकता येत नाही, असे तो कायदाच सांगतो. राहिला प्रश्न बिगरआदिवासी पती वा त्याच्या नातलगांचा. स्त्रीच्या मृत्यूनंतर अशी जमीन आदिवासी वारसांकडेच राहील, एवढी तरतूद केली की ती फटही बुजते. जमीन आदिवासींच्या हातून आजवर गेली ती मुलींमुळे नव्हे. कर्जामुळे, फसवणुकीमुळे आणि भूसंपादनामुळे गेली, हेही विसरून चालणार नाही.

समाज की समता, अशी निवड स्त्रीपुढे ठेवणे हेच मुळात चुकीचे आहे. ही निवड नाकारून हक्क कसा मिळवता येतो, हे मोरोक्कोतील टोळ्यांच्या स्त्रियांनी दाखवून दिले. त्या देशात सुमारे दीड कोटी हेक्टर जमीन टोळ्यांच्या सामुदायिक मालकीची आहे. फ्रेंच अमदानीतील १९१९ च्या आदेशान्वये तिची व्यवस्था चाले आणि हक्कदारांच्या याद्यांत केवळ पुरुषांची नावे असत. शहरे वाढली, जमिनी विकल्या जाऊ लागल्या, मोबदल्याचे पैसे पुरुषांत वाटले गेले आणि विधवा, अविवाहित व परित्यक्ता स्त्रिया घरातून उठल्या. २००७ मध्ये केनित्रा परिसरातील स्त्रियांनी राबात येथे निदर्शने केली. त्यांनी टोळी मोडण्याची मागणी केली नाही, धर्म सोडण्याची भाषा केली नाही. आम्हीही याच टोळीच्या आहोत, तेव्हा यादीत आमचीही नावे घाला, एवढेच त्यांचे म्हणणे होते. २००९ ते २०१२ या काळात सरकारने एकामागून एक परिपत्रके काढून ते मान्य केले आणि २०१९ मध्ये त्याला कायद्याचे रूप आले. अंमलबजावणीच्या तक्रारी तेथेही आहेत. तथापि तत्त्व प्रस्थापित झाले आणि टोळी काही नाहीशी झाली नाही.

भारतातील न्यायालयेही याच प्रश्नाशी झुंजत आहेत. बिहारच्या आदिवासी स्त्रियांच्या याचिकेवर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रूढी रद्द करण्याचे नाकारले, मात्र उदरनिर्वाह त्या जमिनीवर अवलंबून असेतोवर स्त्रीला हुसकता येणार नाही, असे बजावले. डिसेंबर २०२२ मध्ये संपादित जमिनीच्या मोबदल्यात वाटा मागणाऱ्या आदिवासी स्त्रीचा दावा कायद्याच्या शब्दांवर अडला. पण हिंदू वारसा कायद्यातील ही सूट काढून टाकण्याचा विचार केंद्राने करावा, असे न्यायालयाने सुचवले. छत्तीसगडमधील गोंड कुटुंबाच्या वादात १७ जुलै २०२५ रोजी, स्त्रीला वगळणारी रूढी सिद्ध झाली नसेल, तर समतेच्या तत्त्वानुसार तिला समान वाटा मिळाला पाहिजे, असा निर्णय झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मात्र दुसऱ्या एका प्रकरणात, हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही, हे न्यायालयाला पुन्हा स्पष्ट करावे लागले. म्हणजे आदिवासी मुलीचा हक्क आज प्रत्येक खटल्यातील पुराव्यावर लोंबकळत आहे. जव्हारच्या बाईने आपल्या जमातीत अशी रूढी नाही हे सिद्ध करण्यासाठी आयुष्य न्यायालयात घालवावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

उपाय दूरचे नाहीत. पहिला उपाय तहसील कचेरीत आहे. दिल्या गेलेल्या प्रत्येक वनहक्क प्रमाणपत्राची तपासणी व्हावी, पत्नीचे नाव राहिले असेल तेथे ते घालावे आणि विधवा, परित्यक्ता व एकट्या स्त्रियांचे दावे स्वतंत्रपणे निकालात काढावेत. या भागात अनेक जोडपी खर्चापायी लग्नाचा विधी पुढे ढकलून संसार मांडतात; अशा स्त्रीचे नाव विवाहाचा दाखला नाही म्हणून गाळले जाता कामा नये, ग्रामसभेची साक्ष पुरेशी मानावी. दुसरा उपाय ग्रामसभेत आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने आदिवासी ग्रामसभेला आपल्या परंपरा जपण्याचा अधिकार दिला. परंपरा जपणारी ग्रामसभा ती सुधारूही शकते. वनहक्काच्या ग्रामसभेत उपस्थितांपैकी निदान एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, असा नियम २०१२ पासून आहे आणि महाराष्ट्रात पंचायतींतील निम्म्या जागा २०११ पासून स्त्रियांसाठी राखीव आहेत. मुलीलाही वाटा, असा ठराव करण्याइतके बळ या संख्येत निश्चितच आहे. तिसरा उपाय दिल्लीत आहे. १९५६ च्या कायद्यातील ती सूट अधिसूचना काढून दूर करण्याचा अधिकार त्याच कलमाने केंद्र सरकारला दिलेला आहे. हिंदू एकत्र कुटुंबाची चौकट आदिवासींवर लादायची नसेल, तर त्यांच्याशी विचारविनिमय करून वेगळा वारसा कायदा करावा. पण त्यात मुलीचा वाटा मुलाइतका असावा आणि जमीन जमातीबाहेर जाणार नाही, याची हमी असावी.

मार्च २०१८ मध्ये वनहक्कांच्या मागणीसाठी हजारो शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत आले. त्यांत आदिवासी स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या आणि त्यांच्या रक्ताळलेल्या तळव्यांची छायाचित्रे पाहून शहर हळहळले. सरकारने मागण्या मान्य केल्या, स्त्रिया घरी परतल्या, पुन्हा लावणीला लागल्या. त्या ज्या कागदासाठी चालल्या, त्या कागदावर त्यांचे नाव आहे की नाही, हे तपासण्यासाठी नव्या कायद्याची, नव्या समितीची वा नव्या निधीची आवश्यकता नाही. शासनाच्या दप्तरात ती प्रमाणपत्रे आहेत आणि चौथे कलम पुस्तकात आहे. येत्या पावसाळ्याची लावणी सुरू होण्यापूर्वी जव्हार व मोखाडा या दोन तालुक्यांपुरती जरी ही तपासणी पूर्ण झाली, तरी स्त्रीपुरुष समानतेच्या पन्नास वर्षांच्या चर्चेला महाराष्ट्रात एक ठोस आधार मिळेल.